लोकसंख्येच्या नावाने बोटं कशी मोडावीत

पुण्यात राहायचं आणि लोकसंख्यावाढीवर बोलायचं नाही, असं चालत नाही. दुधाची पिशवी आणायला गेलात तरी कुणीतरी भेटतंच आणि म्हणतंच, "काय हो, किती लोक झालेत." ज्यांना अजून हे नीट जमत नाही त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

आधी जागा नीट निवडा. कर्वे रोड, संध्याकाळी साडेसहा, पाच माणसांची गाडी आणि आत तुम्ही एकटे. काच खाली करायची नाही, बाहेर धूर असतो. एसी लावायचा, घरी फोन लावायचा आणि नळस्टॉपचा सिग्नल चौथ्यांदा लाल होईपर्यंत "या शहराचं काही खरं नाही, लोकच फार वाढलेत" हे निवांत बोलून घ्यायचं. डोक्यावरून मेट्रो गेली की तेवढंच बरं वाटतं, बाकीच्या लोकांनी तिने जायला सुरुवात केली की आपल्या गाडीला रस्ता मोकळा होणार ना! शहरात वाहनं माणसांपेक्षा जास्त झाल्याची बातमी 2018 सालीच येऊन गेली, पण ती वाहनांची झाली, आपला विषय लोकसंख्या आहे, भरकटायचं नाही.

आता ज्या रस्त्यावर तुम्ही अडकलात तो धोंडो केशव कर्व्यांच्या नावाचा. त्यांच्या मुलाने, म्हणजे र. धों. नी, 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी प्रोफेसरची नोकरी घालवली, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यावर अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. हे चुकूनही कुणापुढे काढू नका. काढलंत तर समोरचा विचारेल की त्या काळात तुमच्या आजोबांना भावंडं किती होती हो, आणि मग बसा मोजत.

दुसरं म्हणजे गर्दी कधी सुरू झाली ते पक्कं ठरवून ठेवा. नियम सोपा आहे, तुम्ही ज्या वर्षी जळगावहून नाहीतर लातूरहून आलात त्याच्या पुढच्या वर्षी. तुमच्यापर्यंत जे आले ते पुणेकर, नंतर आले ते लोंढे. पेठेतल्या एखाद्या आजोबांपुढे मात्र हे बोलू नका, त्यांच्या हिशोबाने गाव 1961 च्या पानशेतच्या पुरानंतरच हातचं गेलं आणि लोंढ्यात तुम्हीही आलात. महापालिका हद्दीत 2001 ला 25 लाख माणसं होती, 2011 ला 31 लाख. पुढचं विचारू नका, 2021 ची जनगणना झालीच नाही. ते आपल्या फायद्याचंच आहे, मनाला येईल तो आकडा ठोकून द्यायचा.

एका आकड्यापासून मात्र जपून राहा. महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं आता 1.7 झालीत, असं केंद्र सरकारचाच 2019-21 चा कुटुंब आरोग्य सर्व्हे सांगतो, आणि लोकसंख्या आहे तेवढीच राहायला साधारण 2.1 लागतात. असं कुणी बोललं की लगेच "त्यांच्यात बघा किती असतात" म्हणून विषय दुसरीकडे न्यायचा. नाहीतर प्रश्न येतो की मूल एकेक होतंय तर गर्दी कुठून येते? ती तुमच्या हिंजवडीच्या कंपनीतून येते, पोराच्या कॉलेजातून येते, तुमची बिल्डिंग बांधायला आलेल्या आणि पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांतून येते. स्वयंपाकाच्या मावशी, ड्रायव्हर, वॉचमन, रात्री अकराला बिर्याणी आणून देणारा पोरगा, हे सगळे आपल्याला हवेतच, फक्त त्यांनी इथे राहायचं नाही. सकाळी हवेतून यावं आणि संध्याकाळी हवेत जावं.

पाण्याचं प्रकरण जरा सविस्तर घेऊ, कारण खरं कसब तिथे लागतं. समजा तुम्ही हद्दीत नव्याने आलेल्या गावात फ्लॅट घेतला. 2017 ला 11 गावं आली, 2021 ला 23, आणि क्षेत्रफळात आपण मुंबईलाही मागे टाकलं. अभिमान बाळगा. बाल्कनीतून खडकवासला धरणाचं पाणी दिसतं, त्याचे बिल्डरने वेगळे पैसे लावलेत. नळाला पाणी नाही, पण म्हणून चिडायचं नाही, पैसे व्ह्यूचे दिले होते. पहाटे पावणेसहाला टँकर रिव्हर्स घेताना ती टीं टीं ऐकू आली की दात घासायला उठायचं. खाली एक जण पाइप टाकीत सोडतो, जोडाला चिंधी गुंडाळलेली असते, तिच्यातून एक धार गेटबाहेर रस्त्यावर वाहत असते आणि सेक्रेटरी हातात वही घेऊन टँकर पूर्ण भरलेला होता का यावर ड्रायव्हरशी वाद घालत असतात. ते पाणी कुठल्या विहिरीतून आलं हे विचारायचं नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराने माणसं हातापायाने लुळी पडायला लागली आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला, तेव्हा सगळ्यांनी महिनाभर विचारलं. नंतर पुन्हा नुसता रेट विचारायला लागलो.

माणशी दिवसाला 135 लिटर पाणी पुरतं असं सरकारी माप आहे. तेवढं तर आपल्याकडे गाडी धुताना... जाऊ दे. धरणाचं तेच पाणी कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीला जायचं असतं, पण शेतकऱ्यांना कळायला हवं की शहराची लोकसंख्या वाढलीये. आपण मात्र वापरलेलं पाणी इमानदारीत परत पाठवतो, थोडं शुद्ध करून, थोडं तसंच, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. तिथून ते सोलापूर पितं. कचऱ्याचंही तसंच. फुरसुंगीत आपला कचरा आधी पोचला, महापालिका कित्येक वर्षांनी, 2017 ला गाव हद्दीत घेऊन पोचली, आणि आता गाव हद्दीबाहेर काढून ती परतही निघाली, कचऱ्याचा डेपो तेवढा तिथेच आहे.

संततीचं म्हणाल तर तुमचा आदर्श कुणीही घ्यावा असा आहे. एकच मूल, त्याच्यासाठी एक फ्लॅट, राहायला दुसरा आणि उंड्रीला इन्व्हेस्टमेंट म्हणून तिसरा, कुलूप लावलेला. त्या तिसऱ्यात कुणी राहत नाही म्हणजे लोकसंख्या शून्य. वाळू, सिमेंट, खडी, फोडलेली टेकडी लागली असेल, पण ती काय जनगणनेत येत नाही. उलट ज्या बाईला चार पोरं आहेत आणि जी दहा बाय दहाच्या खोलीत सार्वजनिक नळावर आठ हंडे भरून दिवस काढते, पर्यावरणावर ताण तिचाच पडतो, हे पोस्टमध्ये नीट ठसवायचं. जोडीला हिरव्या पानाचा इमोजी टाकायचा. 11 जुलैला लोकसंख्या दिन असतो, त्या दिवशी टाकलं तर लाइक बरे येतात.

शेवटचं काम सोसायटीच्या मीटिंगमध्ये. बिल्डर फेज टूचे दोन टॉवर आणतोय ना, त्याला कडाडून विरोध करा. पाणी नाही, रस्ता अरुंद, पार्किंगची बोंब, अजून चारशे कुटुंबं आली तर जगायचं कसं, सगळे मुद्दे खरे आहेत, बिनधास्त बोला, ठराव पास करा आणि हवं तर कोर्टात जा. फक्त त्याआधी साळ्यासाठी पूर्वेकडचा एक टू बीएचके प्री-लाँच रेटने बुक करून टाका, नंतर तो रेट मिळायचा नाही.