पु. लं.च्या बागेत वेफर्स

आज परत डोकं फिरलं. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान. पुलाखाली रंगीत मासे गोळा झालेले आणि एक बाई पोराच्या हातात मसाला वेफर्सचं पाकीट देऊन सांगतायत, "टाक बाळा, बघ कसे येतात!" पोरगं टाकतंय, नवरा व्हिडिओ काढतोय आणि वेफर्सभोवती पाण्यावर तेलाचा तवंग पसरतोय. मी म्हटलं, "अहो, मीठ-मसाला आहे त्यात, माशांना बाधेल." तर मोबाइलवरची नजरही न हलवता नवरा म्हणतो, "काकू, सगळेच टाकतात."

सगळेच टाकतात! हे काय उत्तर झालं? अहो, कार्प जातीच्या माशांना जठरच नसतं, गिळलं की थेट आतड्यात. उरलेलं पाण्यात सडतं आणि त्यातला ऑक्सिजन खातं. हे सांगायला तोंड उघडलं तोवर बाईंचा व्हिडिओ कॉल सुरू. "अगं, जपानी गार्डनला आलोय!" मी म्हटलं, "पु. ल. देशपांडे उद्यान." त्यावर बाई, "तेच हो. नावाचं काय एवढं, फोटो मस्त येतात." आणि जाताना रिकामं पाकीट चुरगाळून खुशाल झुडपात कोंबलं.

नावाचं काय एवढं? अख्ख्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस या गावात राहिला, १२ जून २००० ला इथेच गेला. १७०० साली पूर्ण झालेल्या, जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून ही दहा एकरांची बाग केली, म्हणून तिला पुणे-ओकायामा मैत्री उद्यानही म्हणतात. आणि जपान हिंडून 'पूर्वरंग' लिहिणाऱ्या पु. लं.चं नाव तिला दिलंय. याहून शोभणारं नाव कुठून आणणार होतात?

अशी बाग रमतगमत बघायची असते. वळण घेतलं की पाणी वेगळं दिसतं, पूल ओलांडला की झाडं वेगळी. पण पुलावर जाऊ देतील तर ना! तिथे रील चाललेलं असतं. तेच गाणं, तीच गिरकी, "काकू, जरा फ्रेममधून बाजूला व्हा." का व्हायचं मी बाजूला? सकाळी यावं तर फिरायला आलेले आजोबा खिशातल्या फोनवर अभंग लावून चालतात, पक्ष्याचा आवाज कानावर पडेल तर शपथ. इयरफोन मिळत नाहीत का बाजारात? आणि बांबूवर किल्लीने नावं कोरणारे ते प्रेमवीर, त्यांना तर धरून झाडलोटीलाच लावलं पाहिजे.

आता ८ नोव्हेंबर आला की हीच मंडळी 'आपले लाडके भाई' म्हणून स्टेटस ठेवणार. खाली पु. लं.नी जन्मात न लिहिलेली, मैत्री आणि पावसावरची कुठली तरी बुळबुळीत कविता. घरात त्यांचं एक पुस्तक नाही, बागेचं नाव तोंडात नाही आणि वाढदिवसाला फॉरवर्ड मात्र सगळ्यांच्या आधी. मला पाठवू नका. पाठवलंत तर ग्रुपवरच सुनावीन, मग राग आला तरी चालेल.