हिरवा माळ म्हणजे जगलेलं गवत नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

धुळे-शिंदखेड्याकडच्या माळरानांवरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की गवत कधी मरत नाही, १९७२चा दुष्काळ पचवून माळ पुन्हा हिरवे झालेच, मग हवामानबदलाचा बाऊ कशाला? त्यापेक्षा माळावर झाडं लावा. शिवाय मी ठेलारींना, म्हणजे इथल्या भटक्या मेंढपाळांना, दोष देतो, असंही तुम्हाला वाटलं.

गवत चिवट आहे, यात वादच नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा पवन्या, मारवेल या गवतांची पाती कडक वाळतात, पण ठोंब, म्हणजे मुळांसकटचा बुडखा, जिता असतो. मातीलगत कोंब दबून असतात आणि बुडख्यात, मुळांत साठवलेल्या अन्नावर पहिल्या पावसात फुटतात. कुसळी गवताची तऱ्हा वेगळी. तिच्या बीला लांब, पिळदार शेपूट असतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यात बीचं टोक मातीत घुसत जातं. टोकापाशी उलटे ताठ केस असतात, म्हणून ते मागे सरत नाही. मेंढ्यांच्या लोकरीत कुसळं रुततात तीही यामुळेच.

पण ठोंबातली साठवण म्हणजे कणगीतलं धान्य. पाती काढायला ती खर्चायची आणि पुढच्या पावसावर पुन्हा भरायची. पावसाने मध्येच तीन आठवडे ओढ दिली की कोवळी पाती करपतात, भरपाई राहूनच जाते आणि पुढची सर आली की उरलंसुरलं खर्चून पुन्हा फुटावं लागतं. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालानुसार देशात पावसाळ्यातल्या कोरड्या खंडांचं प्रमाण १९५१-८०च्या तुलनेत १९८१-२०११मध्ये २७ टक्क्यांनी वाढलं. एक मोठा दुष्काळ सोसून पुढे चांगली वर्षं मिळणं निराळं, आणि दर एक-दोन वर्षांनी असा खंड सोसणं निराळं.

म्हणून जुलैतल्या हिरवाईवर जाऊ नका, खाली बसून काय उगवलंय ते बघा. ठोंब गेले की त्या जागी तरोट्याचं तण माजतं. तेही हिरवंगारच, पण गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि पावसाळा सरला की ते वाळून माती उघडी पडते.

झाडांचं म्हणाल तर बांधावर, गावठाणात, नाल्याकाठी जरूर लावा. उथळ मुरमाड माळावर खड्डे खणले की पहिला बळी त्याच जुन्या ठोंबांचा जातो. सरकारी नकाशांत असे कितीतरी माळ ‘पडीक’ म्हणून नोंदलेले असल्यामुळे तिथे काहीही केलं तरी चालतं, असा समज झालाय. याची मला खरंच चीड येते.

आणि ठेलारींना मी दोष देत नाही. कळप पुढे सरकतो तेव्हा मागच्या गवताला विसावा मिळतो. वाटा बंद झाल्या, कुंपणं पडली, की मेंढ्या एकाच माळावर अडकतात आणि फुटलेला कोंब लगेच खुडला जातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला काही आठवडे चराई थांबवायची आणि एखादा तुकडा बी पडेपर्यंत राखायचा असेल, तर कुठला राखायचा हे त्यांनाच विचारून ठरवावं.