प्रवेशाचा आकडा आणि पाळणाघराचा खर्च

आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश अधूनमधून फिरून येतो. विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्यांत भारतात चाळीस टक्क्यांहून जास्त मुली, आणि स्वतःला प्रगत म्हणवणारे देश मात्र मागे. खाली टाळ्या, तिरंगे, आणि रामबागेतल्या काकांचा ठरलेला प्रश्न: "काय गं, तुमच्या कॅनडात का नाही असं?"

संदेश खोटा नाही. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते, त्यांत २९.८ लाख मुली. मुलगेच कमी पडले. कॅनडात नव्याने परवाना घेणाऱ्या इंजिनीअरांत बायका साधारण पाचात एक. २०३० पर्यंत हे प्रमाण तीस टक्क्यांवर न्यायचं, असं तिथल्या इंजिनीअरांच्या संघटनेचं उद्दिष्ट आहे. काकांचा मुद्दा मान्य.

फक्त काका प्रवेशाच्या दिवशीच मोजणी थांबवतात. भारतात संशोधनाचं काम करणाऱ्यांत बायका किती, याचा २०१८ चा सरकारी आकडा १६.६ टक्के आहे. मधल्या मुली गेल्या कुठे? आमच्याच घरात शोधा. एक इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर भंवरकुआंच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते, दुसरीने बाळंतपणानंतर बी.एड. केलं. "शाळेची नोकरी बरी, दुपारी घरी येता येतं," हे वाक्य मी इतक्या जणींच्या सासूबाईंकडून ऐकलंय की ते वधूवर मंडळाच्या फॉर्मवर छापून टाकावं. शिकवणं कमी दर्जाचं, असं मी म्हणत नाही. देशातल्या शाळांमध्ये निम्म्याहून अधिक शिक्षक आज बायका आहेत आणि शाळा त्यांच्यावर चालतात. पण ती निवड विषयाच्या ओढीने झाली की दुपारच्या दोनच्या घंटेमुळे, हे कोणी विचारत नाही.

असल्या चर्चेत इंदूरकर हमखास जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं नाव काढतात. बाईंचा जन्म इंदूरचा, १९११ सालचा, त्यामुळे हक्कही आहे. १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, बाईंनी हट्ट धरला, तेव्हा वर्षभर पारखून बघू म्हणून घेतलं. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट. ही गोष्ट सांगायला सोपी आहे, कारण तिच्यात अडवणारा माणूस एकच आणि त्याला नाव आहे. आजच्या मुलीला प्रवेश नाकारणारं कोणी नाही. तिला अडवणारे सगळे तिच्यावर माया करणारे आहेत, आणि त्यांच्याशी हट्ट कसा धरायचा हे कमलाबाईंच्या गोष्टीत सापडत नाही.

परदेशाचं कौतुक करायला मी बसलेले नाही. मी राहते त्या मॉन्ट्रियलमध्ये ६ डिसेंबर १९८९ रोजी एक माणूस बंदूक घेऊन इंजिनीअरिंग कॉलेजात शिरला, वर्गातल्या मुली आणि मुलगे वेगळे केले आणि मुलींवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १४ बायका गेल्या. आपल्याकडे इतक्या मुली इंजिनीअरिंगला जातात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही, ही साधी गोष्ट नाही, हे मला इथे येऊन कळलं.

मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका स्टुडिओत काम करते. या धंद्याबद्दलही घरी दोन टोकं. एकीकडे आमच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या पायल धारेचं कौतुक. २०२४ मध्ये पंतप्रधानांनी बोलावलेल्या गेमरांत ती एकटीच मुलगी होती. दुसरीकडे गेम म्हणजे जुगार ही समजूत, जी २०२५ च्या पैसे लावून खेळण्यावरच्या बंदीनंतर आणखी पक्की झाली. माझी भाची पुण्यात बनलेला 'राजी' हा गेम खेळून गेम डिझाइनच्या मागे लागली, तर दादाने मला फोन करून विचारलं, "यात पोलीस केस तर होत नाही ना?" नाही होत. पण खेळताना मुलीचा आवाज ऐकू आला की शिव्या सुरू होतात आणि मुली माइक बंद करून खेळतात, हे इंदूर असो की मॉन्ट्रियल, सारखंच. आणि या धंद्यातली मोठी नावंही धुतल्या तांदळाची नाहीत: युबिसॉफ्टमध्ये २०२० साली छळाच्या तक्रारी बाहेर आल्या, वरचे अधिकारी गेले, आणि २०२५ मध्ये फ्रान्सच्या न्यायालयात काहींना शिक्षाही झाली.

तरी माझ्या टीममधल्या बायका मूल झाल्यावर परत येतात. त्यांची जिद्द इंदूरच्या मुलींपेक्षा जास्त आहे म्हणून नव्हे. क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरांत पाळणाघर सुरू केलं. आता थोडं महागलंय, जागेसाठी ताटकळावंही लागतं, पण आहे. बाळंतपणाच्या रजेचा पगार कंपनी देत नाही, २००६ पासून सगळ्यांच्या पगारातून आणि मालकांच्या वाट्यातून जमणारा प्रांताचा विमा देतो. त्यात पाच आठवडे फक्त बापाचे. त्याने घेतले नाहीत तर बुडाले, आईच्या नावावर करता येत नाहीत.

आता आपल्या बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ मध्ये झालेली दुरुस्ती बघा. २६ आठवडे भरपगारी रजा, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर. कागदावर उदार. पण ईएसआय या सरकारी कामगार विम्याखाली येणाऱ्या कमी पगाराच्या नोकऱ्या सोडल्या, तर ते पैसे मालकाने एकट्याने भरायचे, आणि खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. म्हणजे मुलीला कामावर घेणं महाग पडतं आणि मुलाला घेणं स्वस्त, हे सरकारनेच मालकाला लिहून दिलं. मग मुलाखतीत "लग्नाचं काय ठरलंय?" विचारणाऱ्याला दोष देऊन किती द्यायचा?

आणि हा खर्च खरा कोण उचलतं? इंदुरात आजी. इथेही आजीच! माझ्या ओळखीच्या मराठी घरांत पहिलं वर्ष निभावलं ते इंदूरच्या राजेंद्रनगरहून, सुदामानगरहून व्हिसा काढून आलेल्या आज्यांवर. गुडघे दुखत असताना उणे वीस तापमानात बाबागाडी ढकलणाऱ्या या बायकांना ना पगार, ना पेन्शन, आणि विज्ञान-तंत्रज्ञानातल्या स्त्रियांच्या कुठल्याही आकडेवारीत त्या नाहीत. त्यांतल्या एक तर स्वतः बीएस्सीला पहिल्या वर्गात आलेल्या. मला हे जास्त अस्वस्थ करतं. एका पिढीतल्या शिकलेल्या बाईने घरी बसायचं, म्हणजे पुढच्या पिढीतली ऑफिसला जाणार, आणि मधला पुरुष दोन्ही वेळा कामावर.

भाचीने गेम डिझाइन शिकावं, सोबत गणित पक्कं करावं, एवढं मी दादाला सांगितलं. ग्रुपवर काकांच्या प्रश्नाखाली बापाच्या पाच आठवड्यांची गोष्ट लिहिली. सुपर कॉरिडॉरवर आयटीत असलेल्या चुलतभावाचं लगेच उत्तर आलं: "आमच्या कंपनीत पाच दिवस मिळतात. मी दोन घेतले, रिलीज होतं." वहिनीही इंजिनीअर, त्याच्याच बॅचची. तिने खाली लिहिलं: "दोन नाही, दीड. दुसऱ्या दिवशी जेवून गेला होतास."