ऐनवेळचे विषय

आमच्या पणजीतील कार्यालयात दर सोमवारी सकाळी 11 वाजता विभागप्रमुखांची सभा भरते, असे गेली नऊ वर्षे सूचनाफलकावर लिहिलेले आहे, आणि या नऊ वर्षांत ती 11 वाजता भरल्याचे एकदाही घडलेले नाही. हे मी अधिकाराने सांगतो, कारण सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. भाषेवरील प्रभुत्वामुळे मला हा मान मिळाला, असा माझ्या घरी समज आहे. वस्तुस्थिती एवढीच की, ज्या दिवशी हे काम वाटले गेले त्या दिवशी माझी चोडणची फेरीबोट चुकली आणि मी पोहोचेपर्यंत माझ्या नावाचा ठराव सर्वानुमते संमत झालेला होता.

इतिवृत्त लिहिणाऱ्याला सभेत ऐकावे लागते, हीच त्याची शिक्षा. बाकीचे मान डोलावून मोकळे होतात. मला मात्र मान कशासाठी डोलावली तेही लिहावे लागते. ‘या विषयावर सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य मी इतक्या वेळा टंकले आहे की ‘या वि’ एवढी अक्षरे उमटताच पुढचे वाक्य संगणक स्वतःच पुरे करतो. चर्चेच्या शेवटी साहेब खुर्ची मागे सारून ‘फाल्यां पळोवया’ (उद्या पाहू) म्हणतात, त्याचे मी ‘यथावकाश निर्णय घेण्याचे ठरले’ असे शुद्ध मराठी करतो.

सभा वेळेवर सुरू करावी आणि उशिरा येणाऱ्यांसाठी मागचे सांगत बसू नये, हा सभाशास्त्राचा पहिला धडा मानला जातो. आमच्याकडे प्रत्येक उशिरा येणाऱ्याला ‘तोपर्यंत काय झाले’ ते आदरपूर्वक सांगितले जाते, त्यामुळे चौथे गृहस्थ येईपर्यंत सारांश मूळ चर्चेपेक्षा लांब झालेला असतो. पूर्वी मडगावकडच्या मंडळींना झुवारी पुलावरची कोंडी हे हक्काचे कारण होते. डिसेंबर 2023 मध्ये नव्या पुलाची दुसरी बाजूही खुली झाली आणि ते कारण बुडाले. पण त्यांनी धीर सोडला नाही. आता ते पणजीत गाडी लावायला जागा मिळाली नाही असे सांगतात, आणि हे कारण खोटे ठरवण्याची कोणाचीच छाती नाही.

गेल्या पावसाळ्यात नव्या हिशेब-प्रणालीच्या खरेदीचा कित्येक लाखांचा प्रस्ताव आमच्या सभेने चार मिनिटांत मान्य केला. पुढचा विषय चहाबरोबर मिरची भजी द्यावी की बिस्किटे, हा होता. त्यावर 50 मिनिटे गेली, दोन जुने मतभेद उकरून निघाले आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपल्या पित्तप्रकृतीचा साद्यंत इतिहास सांगितला. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने 1957 मध्ये अशाच एका काल्पनिक समितीचे वर्णन केले होते. त्या समितीने अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर केला, सायकलींच्या शेडवर 45 मिनिटे आणि चहापाण्यावर सव्वा तास घालवला. अणुभट्टी कोणालाच कळत नाही, शेड सर्वांना कळते आणि चहावर तर प्रत्येकाचा जन्मसिद्ध अधिकार असतो. हे मी सभेत सांगितले, तेव्हा सायकलींची शेड आपल्याकडेही हवी, असा एक विषय वाढला.

मग मी हेन्री मार्टिन रॉबर्ट यांचा आश्रय घेतला. हे अमेरिकी लष्करातले अभियंते. 1863 मध्ये त्यांच्यावर एका सभेचे अध्यक्षपद अचानक येऊन पडले आणि सभा अशी काही हाताबाहेर गेली की त्यांनी नियमांचा अभ्यास सुरू करून 1876 मध्ये सभासंचालनाची नियमावलीच छापली. ज्यांना बोलायचे आहे ते सर्व एकेकदा बोलल्याशिवाय त्याच विषयावर कोणी दुसऱ्यांदा बोलू नये, हा त्यातला नियम मी भीत भीत सुचवला. भांडार विभागाच्या प्रमुखांनी त्याला तत्काळ अनुमोदन दिले, आणि ते अनुमोदन नेमके कसे समजून घ्यावे हे सांगण्यासाठी ते आणखी तीनदा बोलले.

आमच्या चोडणसारख्या बेटावर पूर्वी गावकार, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतली मंडळी, बसून बांधांची डागडुजी ठरवत. आफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने 1526 मध्ये गावकरीच्या, म्हणजे गावकारांच्या या ग्रामसंस्थेच्या, रूढी लिहून काढल्या, त्याच्याही आधीपासून हे चालत आलेले. तिथे चालढकल केली तर बांध फुटून खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात, खारे पाणी शिरत असे. आमच्या सभेत निर्णय झाला नाही तरी कुठेच काही शिरत नाही, हेच खरे दुखणे असावे. म्हणून मी इतिवृत्तात ‘जबाबदारी कोणाची’ असा एक नवा रकाना आखला. त्याचे सर्वांनी स्वागत केले आणि पुढचे दोन महिने त्यात प्रत्येक ओळीला माझेच नाव आले, कारण रकाना मी सुचवला होता.

अखेर जुनी इतिवृत्ते चाळताना मला एक शोध लागला. आमच्या सर्वांत लांब सभा जून ते सप्टेंबर या काळात होत होत्या. 1 जूनपासून 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तिच्या मागोमाग श्रावण येतो, आणि चतुर्थी होईपर्यंत बहुतेकांच्या डब्यात घाईने उठावे असे काहीच नसते. एरवी एक वाजला की हुमणाच्या, म्हणजे माशाच्या कालवणाच्या, ओढीने कसलेला वक्ताही वाक्य अर्धे टाकून उठतो. तेव्हा सभा दुपारी सव्वाबाराला घ्यावी आणि बंदीच्या दिवसांत ती शक्यतो घेऊच नये, असा लेखी प्रस्ताव मी गेल्या ऑक्टोबरमध्ये मांडला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांना तो मनापासून पटला. ‘जेवणापायी चर्चा अर्धवट राहते, हे तुम्ही अचूक हेरलेत,’ ते म्हणाले, ‘यापुढे सभा सव्वाबारालाच घेऊ आणि जेवण इथेच मागवू, म्हणजे कोणालाच उठण्याची घाई राहणार नाही.’ त्यानंतर थाळी कोणत्या खानावळीतून आणावी, तळलेला मासा इसवण असावा की चणक, आणि शाकाहारी मंडळींना त्याऐवजी काय द्यावे, या ऐनवेळच्या विषयांवर सर्व विभागप्रमुखांच्या उपस्थितीत एक तास दहा मिनिटे चर्चा झाली, आणि नऊ वर्षांत प्रथमच प्रत्येक मुद्द्यावर त्याच बैठकीत निर्णय झाला. तो मी सुवाच्य अक्षरात नोंदवला आहे. रकान्यात नाव माझे आहे. दर सोमवारी थाळ्या घेऊन साडेबाराच्या आत पोहोचायचे आहे, आणि फेरी चुकल्याचे कारण चालणार नाही, असेही सर्वानुमते ठरले आहे.