‘तसलं काही विचारू नका’ हा सल्ला जिवावर बेतणारा आहे

खचलेल्या माणसाशी कसं वागावं, यावर एकाच अर्थाचे मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. आत्महत्येचा विषय काढू नका, नसलेलं डोक्यात शिरेल. बोलून दाखवतो तो करत नाही. ज्याने ठरवलंय तो थांबत नाही. गोळ्या नकोत, जन्माच्या मागे लागतात, कामात गुंतवा.

पहिलं वाक्य सर्वांत घातक. विचारल्यामुळे असे विचार वाढतात, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, अशा अभ्यासांच्या आढाव्याचाही निष्कर्ष हाच होता. सरळ विचारा, “जीव द्यावा असं मनात येतं का रे?” “तसलं काही करणार नाहीस ना?” असं विचारलं, तर समोरच्याला ‘नाही’ म्हणण्यावाचून वाट उरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर उपदेश नको. “आईबापाचा तरी विचार कर” हे तर अजिबात नको. घरावर आपलं ओझं झालंय, असं तो बहुधा आधीच धरून बसलेला असतो. ऐका. कसं, केव्हा, काही ठरवलंय का, तेही विचारा. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

बोलणारा करत नाही, हे खोटं आहे. जीव देणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी कुणाला तरी सुचवलेलं असतं. “मी नसलेलाच बरा” हे वाक्य कधीही हसण्यावारी नेऊ नये.

आणि ठरवलेला माणूस थांबत नाही? श्रीलंकेत टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली आणि १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला. माणसं तीच, दुःखंही होती. हाताशी विष नव्हतं. तो टोकाचा क्षण अनेकदा ओसरतो, तेवढा वेळ मिळायला हवा. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध कोपऱ्यात पडलेलं असतं. घरात कुणी खचलेलं असेल तर ते आजच घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा.

नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी ओढ लागत नाही. गुण यायला काही आठवडे जातात, आणि नेमके तेव्हाच लोक त्या सोडतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर त्या साधारण सहा महिने चालू ठेवतात, मग हळूहळू कमी करतात. एकदम बंद केल्यास चक्कर, मळमळ, बेचैनी होऊ शकते. त्यालाच लोक सवय समजतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं, म्हणूनच त्या मोजक्या दिवसांसाठी देतात.

काम जमत असेल तर करू द्यावं. पण अंथरुणातून उठणंच जड झालेल्या माणसाला कामाला जुंपू नये.

‘पोलीस केस होईल’ या भीतीने कुणी प्रयत्न लपवत असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगावं: उलट सिद्ध झालं नाही तर असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं, म्हणून त्याला शिक्षा होत नाही, आणि त्याची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी ठरते.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. भावाशी काय बोलावं हे सुचत नसलेल्या बहिणीनेही तो लावावा.