जर्मनीत शिक्षण सगळीकडे फुकट नाही

‘जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत कुठेच फी नाही’ हा मेसेज पालकांच्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. तो अर्धवट आहे. बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सेमिस्टरला १५०० युरो घेतं. हायडेलबर्ग, स्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, आपली मुलं जिथे हमखास अर्ज करतात ती गावं याच राज्यात आहेत! म्युनिकचं तंत्र विद्यापीठही २०२४-२५ पासून फी आकारतं. मास्टर्सला बहुतांशी सेमिस्टरमागे ४००० किंवा ६००० युरो.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराचा खर्च दाखवावा लागतो, तो वेगळा. ते पैसे तुमचेच, तिथे दरमहा हातात येतात. पण आधी उभे करावे लागतात. घर तारण ठेवून कर्ज काढण्याआधी त्या विद्यापीठाचं फीचं पान स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.