दमट हवा जड नसते, दोष गळतीचा आहे

'दमट हवा जड होते आणि वरचे सूर शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर दबलेला वाजतो', हे एका लेखातलं कारण अजिबात पटलं नाही. (इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणजे विद्युतभारित पातळ पडदा हलवून आवाज काढणारा स्पीकर.) दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. वरचे सूर जास्त खाते ती बऱ्यापैकी कोरडी हवा, आणि तेही लांब अंतरावर. दिवाणखान्यात बसून त्याचा फरक कळणारसुद्धा नाही.

खरी भानगड पॅनेलच्या, म्हणजे हा पडदा ताणून बसवलेल्या चौकटीच्या, आत आहे. केसाहून पातळ पडद्याला हजारो व्होल्ट दिलेले असतात. १९५७ च्या क्वाड ईएसएल या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये बासच्या (खालच्या सुरांच्या) पॅनेलला ६०००, ट्रेबलच्या (वरच्या सुरांच्या) पॅनेलला १५०० व्होल्ट. हा विद्युतदाब पुरवणाऱ्या सर्किटची करंट द्यायची ताकद मात्र अगदी नगण्य. पॅनेलच्या कडांवर धूळ बसली आणि ती ओल धरू लागली, की तिथून विद्युतभार झिरपतो, व्होल्टेज उतरतं आणि त्यासोबत आवाजही. आमच्या ठाण्यात जुलै लागला की माझ्या जुन्या जोडीतला डावा आधी मंदावतो, गायिकेचा आवाज मधून सरकून उजवीकडे जातो, आणि गाणं बंद असताना जाळीला कान लावला तर बारीक टिकटिक ऐकू येते. खोलीत डीह्युमिडिफायर लावला की काही तासांत दोन्ही बाजू पुन्हा सारख्या होतात. हवा 'जड' असल्याचं वाचून लोक अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रेबल वाढवत बसतील. त्यापेक्षा पॅनेलवरचं धूळ अडवणारं पातळ आवरण कुठे फाटलंय का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत भार बराच वेळ टिकून असतो.